"पूर्वीची मजा राहिली नाही" असं गिऱ्हाईक म्हणालं, तर काय करायचं? बंद पडलेल्या थीम पार्क रेस्टॉरंट्सचा धडा



व्हिडिओत वेळ कमी होता, म्हणून थीम पार्कमधल्या बंद पडलेल्या रेस्टॉरंट्सचा विषय मी भरभर उरकला. आज तोच धडा सावकाश घेऊ, हिशेबासकट. वही-पेन घेऊन बसा. शेवटी गृहपाठ आहे. तो टाळलात तर नुकसान होतं. माझं एकदा झालंय, तेही सांगणार आहे.

सुरुवात एका वाक्यापासून करू. तुम्ही दुकानात काही बदल केला, रंग दिला, काउंटर हलवलं, मेनू बदलला, की आठवडाभरात कुणीतरी जुनं गिऱ्हाईक येतं, इकडंतिकडं बघतं आणि म्हणतं, "पूर्वीची मजा राहिली नाही राव."

हे ऐकल्यावर आपण दोनपैकी एक चूक करतो. एक तर "लोकांना काय, जुनं सगळंच चांगलं वाटतं" म्हणून सोडून देतो. नाहीतर घाबरतो आणि जुनं जसंच्या तसं परत आणायला धावतो. दोन्हीकडं पैसे जातात. तिसरा रस्ता आहे, तो आज शिकू.

त्यासाठी मी अमेरिकेतल्या थीम पार्कचं उदाहरण घेतलंय. कारण साधं आहे. तिथली रेस्टॉरंट्स बंद होऊन तीस-चाळीस वर्षं झाली तरी लोक त्यांची मेनूकार्डं जपून ठेवतात, फोटो शोधतात, "तिथलं जेवण आणि आजचं जेवण" यावर तासन्‌तास वाद घालतात. आपल्यातले बरेच जण शाळेच्या सहलीला एस्सेलवर्ल्डला गेलेत. त्या दिवशी डब्यात नेलेली पोळी-भाजी आजही आठवते ना? ती काही जगातली सगळ्यात भारी पोळी-भाजी नव्हती. मग आठवते का? याचं उत्तर मिळालं की धडा निम्मा झाला.

१. आधी जेवण, मग पार्क

कॅलिफोर्नियात बुएना पार्क नावाचं गाव आहे. तिथं वॉल्टर नॉट आणि त्यांच्या पत्नी कॉर्डेलिया नॉट यांचं बेरीचं शेत होतं. १९२० पासून ते रस्त्याकडेला फळं विकायचे. १९३४ मध्ये, मंदीच्या दिवसांत, कॉर्डेलियाबाईंनी तळलेल्या चिकनचं जेवण विकायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी पानं किती? आठ. वाढलं कशात? स्वतःच्या लग्नातल्या चिनी मातीच्या ताटांत. दर ६५ सेंट.

पुढच्या काही वर्षांत तिथं एवढी गर्दी व्हायला लागली की लोकांना तासन्‌तास ताटकळावं लागायचं. वाट बघणाऱ्या माणसांचं करायचं काय? म्हणून वॉल्टर नॉट यांनी १९४० मध्ये जुन्या खाणकामगारांच्या ओसाड गावासारखी एक वस्ती उभारायला घेतली, लोकांनी हिंडावं, बघावं म्हणून. त्यातूनच पुढं 'नॉट्स बेरी फार्म' हे मोठं थीम पार्क झालं.

म्हणजे इथं राईड बघायला आलेल्या माणसाला जेवण विकलं नाही, जेवायला आलेल्या माणसासाठी पार्क झालं. आणि ते चिकनचं रेस्टॉरंट आजही चालू आहे.

एक सावधगिरी. "६५ सेंटमध्ये जेवण, काय स्वस्ताई होती!" असं पटकन वाटतं. पण महागाईच्या हिशेबानं ते आजचे साधारण १५ डॉलर होतात. जुना दर आणि आजचा दर नुसते शेजारी ठेवून तुलना करू नका. गिऱ्हाईक करेल, तो त्याचा हक्क आहे. दुकानदारानं करायची नाही.

२. जहाज, पिझ्झा आणि शिळी पोळी

आता बंद झालेल्यांकडं येऊ.

जहाज. डिस्नेलँड १७ जुलै १९५५ ला सुरू झालं. वॉल्ट डिस्नेंनी पार्क उभारायलाच एवढा पैसा ओतला होता की खाण्याच्या बऱ्याच जागा बाहेरच्या कंपन्यांच्या नावानं चालायच्या. त्यातली एक म्हणजे डबाबंद ट्युना मासा विकणाऱ्या 'चिकन ऑफ द सी' कंपनीचं समुद्री चाच्यांचं जहाज. खरोखर शिडांचं, डोलकाठीचं जहाज, आणि त्यात मिळायचं ट्युनाचं सँडविच! १९६० मध्ये त्याच्या बाजूला कवटीच्या आकाराचा खडक आणि धबधबे आले. १९६९ मध्ये कंपनी बाहेर पडली, जहाजाचं नाव बदललं, पण ते राहिलं. १९८२ मध्ये त्या भागाचं नूतनीकरण निघालं आणि जहाज काढून टाकलं. आजही लोक हळहळतात. पण नीट ऐका, ते कशासाठी हळहळतात? सँडविचसाठी नाही. जहाजात बसून खाल्लं म्हणून.

पिझ्झा. फ्लोरिडातल्या डिस्नेच्या स्टुडिओ पार्कमध्ये 'टॉय स्टोरी' सिनेमातल्या पिझ्झाच्या दुकानाच्या नावानं १९९५ मध्ये 'पिझ्झा प्लॅनेट' सुरू झालं. साधा पिझ्झा आणि व्हिडिओ गेमची मशीनं. २०१६ च्या सुरुवातीला ते बंद झालं. त्या वेळी दहा-बारा वर्षांची असलेली पोरं आज माझ्या वयाची आहेत, आणि ती या जागेबद्दल जेवढ्या मायेनं बोलतात तेवढं पिझ्झाबद्दल बोलत नाहीत. आठवतंय ते खिशातली नाणी, गेमचे आवाज आणि शेजारी बसलेले आई-बाबा.

शिळी पोळी. ही माझी सगळ्यात आवडती. डिस्नेलँडमध्येच १९५५ ला 'कासा दे फ्रितोस' नावाचं मेक्सिकन पद्धतीचं रेस्टॉरंट सुरू झालं, फ्रिटो या चिप्सच्या कंपनीचं. हकीकत अशी सांगतात की तिथं टॉर्टिया, म्हणजे मक्याच्या पातळ पोळ्या पुरवणाऱ्या कंपनीच्या सेल्समननं उरलेल्या पोळ्या कचऱ्यात जाताना बघितल्या आणि म्हणाला, तुकडे करून तळा की! तळले, मसाला लावला, लोकांना आवडलं. कंपनीतले मार्केटिंगचे अधिकारी आर्च वेस्ट यांनी यातला धंदा ओळखला. १९६६ मध्ये तो माल अख्ख्या अमेरिकेत गेला. नाव 'डोरिटोस'. आज आपल्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातही ते पाकीट लटकलेलं असतं. आपल्या घरी शिळ्या पोळीचा कुस्करा होतो, तिथं ब्रँड झाला.

ते रेस्टॉरंट १९८२ मध्ये त्या नावानं बंद झालं. पण जी वस्तू चालण्यासारखी होती ती दाराबाहेर पडून जगभर गेली. म्हणून 'बंद पडलं' म्हणजे 'फसलं' असं समजू नका.

३. मग बंद का केली?

"एवढी आवडती होती तर बंद का केली?" हा प्रश्न मला नेहमी येतो. उत्तर कोरडं आहे.

पहिलं कारण, ज्याच्या नावावर जागा चालायची तो निघून गेला. दुसरं, त्या जागेवर दुसरं काही जास्त कमावणार होतं. तिसरं, इमारत म्हातारी झाली. फ्लोरिडात 'एम्प्रेस लिली' नावाचं बोटीच्या आकाराचं रेस्टॉरंट होतं. वॉल्ट डिस्नेंच्या पत्नी लिलियन यांच्या नावानं १९७७ मध्ये सुरू झालेलं. बोट खोटी, पाण्याखाली पक्क्या पायावर उभी केलेली. १९९५ मध्ये ते बंद झालं, मग दुसऱ्या चालकानं खेकड्यांचं रेस्टॉरंट काढलं, २०१७ पासून तिथं तिसरंच नाव आहे. सांगाडा राहिला, मालक आणि मेनू बदलत गेले.

टिकलं ते कोण? नॉटबाईंचं चिकन टिकलं, कारण ते पार्कवर अवलंबून नव्हतं. आणि डिस्नेलँडमधलं 'ब्लू बायू' १९६७ पासून चालू आहे. ते समुद्री चाच्यांच्या राईडच्या पोटातच आहे. भर दुपारी आत कायम रात्र, कंदील, आणि टेबलाशेजारून जाणाऱ्या होड्या. मला वाटतं, जेवण आणि राईड वेगळं काढताच येत नाही, म्हणून त्याला कुणी हात लावत नाही.

लिहून घ्या: जे काढल्यावर बाकीचं दुकानही लंगडं होतं, ते टिकतं. जे नुसतं शोभेचं असतं, ते आवडतं असलं तरी जातं.

४. आजचं जेवण: काय मिळालं, काय गेलं

आज डिस्नेच्या पार्कमध्ये टेबलावर बसून जेवायचं तर साठ दिवस आधी बुकिंग उघडतं. न कळवता आला नाहीत तर माणशी दंड. पटकन खायचं असेल तर फोनवरून ऑर्डर द्यायची, वेळ निवडायची, पोहोचलो म्हणून बटण दाबायचं, खिडकीवरून ट्रे उचलायचा. फ्लोरिडात हे २०१७ पासून सुरू झालं.

जुन्या माणसांना हे आवडत नाही. "सहज फिरता फिरता जहाज दिसलं, भूक लागली, आत शिरलो" ही मजा गेली, हे खरंच आहे. पण प्रामाणिकपणे दुसरी बाजूही बघा. उन्हात रडणारं लेकरू घेऊन रांगेत उभं राहावं लागत नाही. कुणाला शेंगदाण्याची ॲलर्जी असेल, कुणी शाकाहारी असेल, तर सगळं आधी वाचता येतं. आपल्याकडची शाकाहारी मंडळी परदेशात गेली की याची किंमत कळते!

आठवणीत रांग राहत नाही, ऊन राहत नाही, बाबांनी बिल बघून केलेलं तोंड राहत नाही. आठवण ही चाळणी आहे, वाईट खाली पडतं, गोड वर राहतं. म्हणून गिऱ्हाईकाची आठवण खोटी नसते, पण अर्धी असते. उरलेली अर्धी तुम्ही वहीतून काढायची.

५. खुर्चीचा हिशेब

चला, वही उघडा. उदाहरण कल्पनेतलं आहे, आकडे तुमचे घाला.

समजा तुमच्याकडं ४० खुर्च्या आहेत. गर्दीचे तास ५, म्हणजे ३०० मिनिटं.

पद्धत 'अ', निवांत जेवण: माणूस ९० मिनिटं बसतो. खुर्ची ३ वेळा भरते. ४० × ३ = १२० माणसं. माणशी बिल २५० रुपये. एकूण ३०,००० रुपये.

पद्धत 'ब', झटपट जेवण: माणूस ४० मिनिटं बसतो. खुर्ची ७ वेळा भरते. ४० × ७ = २८० माणसं. माणशी बिल १५० रुपये. एकूण ४२,००० रुपये.

बिल शंभर रुपयांनी कमी, तरी गल्ला १२,००० रुपयांनी जास्त. मोठी पार्क्स झटपटकडं का गेली ते आता कळलं? (मालाचा खर्च, पगार वजा करून नफा वेगळा काढा. नुसत्या गल्ल्यावर निर्णय घेऊ नका.)

पण थांबा, इथंच बरेच जण घसरतात. हा हिशेब गर्दीच्या ५ तासांचा आहे. उरलेल्या वेळात काय? दुपारी तीन वाजता ४० पैकी ३४ खुर्च्या रिकाम्या असतील, तर त्या वेळी दीड तास बसणारा माणूस तुमचं काहीच नुकसान करत नाही. उलट तो एक चहा जास्त घेईल. म्हणजे प्रश्न "निवांत की झटपट" असा नाहीच. प्रश्न आहे "कधी निवांत आणि कधी झटपट". खुर्ची महाग असते ती गर्दीत, एरवी ती फुकट असते.

हे मला कळलं, पण उशिरा. आता माझी गोष्ट.

६. आमचा बाकडा

आमचं फरसाणाचं दुकान बाबांनी सुरू केलेलं. दारातून आत आलं की उजवीकडं लाकडी बाकडा, शेजारी माठ. बाजाराच्या दिवशी तर बाकड्यावर जागा नसायची. बीबीए करून मी दुकानात बसलो तेव्हा मला तो बाकडा डोळ्यांत खुपायचा. सहा फूट जागा, आणि त्यातून कमाई शून्य! मी कर्ज काढून नूतनीकरण केलं. बाकडा काढला, काचेचं रॅक लावलं, वर लाइट सोडले. बाबा काही बोलले नाहीत. बाकडा मात्र त्यांनी भंगारात देऊ दिला नाही, माळ्यावर ठेवला.

पहिले चार महिने मी हवेत होतो. रॅकमधली पाकिटं खपत होती, रोजचा गल्ला वाढला होता. "मजा राहिली नाही" म्हणणारे म्हणत होते, मी हसून सोडून देत होतो.

मग दिवाळी आली. फराळाच्या मोठ्या ऑर्डरी आम्ही वहीत लिहितो. आदल्या वर्षी ३१ होत्या. त्या वर्षी १९ आल्या. माल तोच, आचारी तेच, दर जवळपास तोच. मला वाटलं, बाजारच थंड आहे.

दिवाळीनंतर एक काकू दुकानात आल्या, पावशेर शेव घेतली. दरवर्षी त्यांची मोठी ऑर्डर असायची. मी विचारलं, "काकू, यंदा फराळ कुठून घेतला? आमचं काही चुकलं का?"

त्या म्हणाल्या, "चुकलं काही नाही रे बाळा. माझे गुडघे दुखतात. लेकीचं, सुनेच्या माहेरचं, मुंबईला पाठवायचं, एवढी यादी उभ्यानं कशी सांगू? पुढच्या दुकानात खुर्ची देतात."

मित्रांनो, मी बीबीएला पूर्ण एक पेपर ग्राहक वर्तनाचा दिला होता. पण बाकडा हे आमचं ऑर्डर काउंटर होतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं. माणसं गप्पा मारायला बसतात असं मी धरून चाललो. खरं तर ती बसून यादी करत होती. लग्नाची, मुंजीची, दिवाळीची. सहा फुटांची कमाई शून्य नव्हती, ती वेगळ्या वहीत लिहिली जात होती.

मी माळ्यावरचा बाकडा आहे तसा परत लावला नाही. रॅक चालत होतं, ते काढणं म्हणजे दुसरी चूक. आतल्या बाजूला एक छोटं टेबल, दोन खुर्च्या, ऑर्डरची वही आणि पाणी ठेवलं. दुपारी दोन ते पाच ही वेळ ऑर्डरसाठी ठरवली. पुढच्या दिवाळीला २६ ऑर्डरी आल्या. काकू परत आल्या. ३१ काही झाल्या नाहीत. जी माणसं दुसरीकडं रुळली, ती रुळली.

७. तीन चाळण्या

आता धड्याचा गाभा. "पूर्वीची मजा राहिली नाही" हे वाक्य आलं की ते तीन चाळण्यांतून काढायचं.

पहिली चाळणी: वस्तू. चव, माप, दर्जा खरंच बदलला का? आचारी बदलला, तेल बदललं, पाकीट २५० ग्रॅमचं २०० झालं? असेल तर तक्रार खरी आहे, लगेच दुरुस्त करा. आणि वस्तू भारी असेल तर ती जागेत अडकवून ठेवू नका. डोरिटोससारखी बाहेर काढा.

दुसरी चाळणी: काम. जुनी वस्तू किंवा जागा गिऱ्हाईकाचं कोणतं काम करत होती? जहाज थकलेल्या आई-बापांना सावलीत बसवत होतं आणि पोरांना गुंतवत होतं. बाकडा यादी करू देत होता. जुनी वस्तू परत आणायची गरज नाही, ते काम परत आणा. बरेचदा ते दोन खुर्च्यांत होतं.

तिसरी चाळणी: वय. काही वेळा माणसाला तुमचं दुकान आठवत नसतं, स्वतःचं लहानपण आठवत असतं. 'पिझ्झा प्लॅनेट'चं तेच. ते तुम्ही परत देऊ शकत नाही, आणि देण्याचा आव आणू नका. भिंतीवर कंदील टांगून आणि जुने पत्र्याचे डबे मांडून लहानपण येत नाही, फक्त खर्च येतो. इथं एकच करायचं, ऐकून घ्यायचं. "बसा काका, तेव्हा कसं होतं सांगा." यात चहाचा खर्च होतो, पण तो माणूस पुढच्या वेळी नातवाला घेऊन येतो.

गृहपाठ

१. गेल्या दोन वर्षांत तुम्ही दुकानातून काढलेल्या तीन गोष्टी लिहा. खुर्ची, वजनकाटा, सुटं विकणं, उधारीची वही, काहीही.

२. प्रत्येकीसमोर लिहा: ती कोणतं काम करत होती? तुम्हाला माहीत नसेल तर अंदाज करू नका, पाच जुन्या गिऱ्हाइकांना विचारा. "काय आवडत नाही" असं विचारू नका, लोक संकोचतात. "पूर्वी इथं आल्यावर तुम्ही काय काय करायचात?" असं विचारा.

३. तुमचे गर्दीचे तास आणि रिकामे तास वेगळे लिहा, आणि वरचा खुर्चीचा हिशेब आपल्या आकड्यांनी करा. टपरी असेल तर खुर्चीऐवजी काउंटरसमोर उभ्या राहणाऱ्या माणसाची मिनिटं मोजा.

४. ज्यांनी अजून धंदा सुरू केलेला नाही त्यांच्यासाठी: कॉर्डेलियाबाईंसारखी 'पहिली आठ पानं' कोणाला वाढणार, कशात वाढणार, किती रुपयांना वाढणार, तेवढंच एका पानावर लिहा. पार्कचं स्वप्न नंतर. आधी आठ पानं.

उत्तरं खाली लिहा, मी वाचतो आणि जमेल तशी उत्तरं देतो. पुढच्या भागात उधारीची वही घेऊ, तिच्याही तीन चाळण्या आहेत.

आणि हो, आमचा बाकडा अजून माळ्यावरच आहे. बाबा अधूनमधून वर जाऊन त्यावरची धूळ झटकतात. तो दुसऱ्या चाळणीत अडकतो की तिसऱ्या, ते तुम्हीच ठरवा.